माझी भूक आणि तांबडा दिवा

मी बोलतेय ती नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या एका टिनाच्या शेडमधून. मी पट्टे जोडणारी प्रेस. खाणीत, कापसाच्या जिनिंगमध्ये, खडी-गिट्टीच्या क्रशरवर माल वाहून नेणारे रबरी पट्टे असतात ना, लांबच लांब, गोल फिरत राहणारे? ते तुटले की त्यांची दोन टोकं माझ्या दोन तव्यांमध्ये दाबून धरायची, मला तापवायचं, आणि रबरात रबर मुरलं की पट्टा पुन्हा एकसंध. एवढंच माझं काम. दोन जाड तवे, त्यांच्या पोटात तारांची वेटोळी, ते आवळायला लोखंडी तुळया आणि बोल्ट, आणि बाजूला एक डबा. त्या डब्यावर एक तांबडा दिवा.

जन्म माझा कलकत्त्याचा, साल अडुसष्ट. जन्मापासून मला चौकशा फार. तिथल्या कारखान्यातला म्हातारा फिटर पहिल्यांदा माझ्या पोटात वीज सोडताना मला म्हणाला होता, "पेट भरा तो बत्ती गुल, भूख लगी तो बत्ती चालू." प्रत्येक नव्या मशीनला तो असंच म्हणायचा. झालं असं, की माझ्या डब्यात एक थर्मोस्टॅट आहे. तवे हवे तेवढे तापले की तो आपोआप वीज तोडतो आणि दिवा विझतो. तवे जरा निवले की वीज पुन्हा सुरू, दिवा पुन्हा लागतो. मला ते फार आवडलं. किती खायचं हे आपलं आपल्याला कळावं, याहून मोठं सुख कोणतं?

मालगाडीने मी नागपूरला आले. वाटेत धक्के इतके बसले की तवा किती तापला हे दाखवणारी माझी काच फुटली. ती पुन्हा कुणी बसवली नाही. आज लावू, उद्या लावू म्हणता म्हणता राहूनच गेलं. तुमच्या घरच्या भिंतीवरच्या बंद घड्याळासारखं समजा.

माझे मालक मनोहरराव. नागपूरच्या महाल भागात त्यांचं पट्ट्यांचं आणि पुल्यांचं दुकान, मागच्या बाजूला वर्कशॉप आणि वर घर. देवभोळा, बोलका, चहा पाजल्याशिवाय कुणाला न सोडणारा माणूस. त्यांचा कारागीर कवडू. मी येईपर्यंत कवडू पट्टे लोखंडी क्लिपांनी जोडायचा. हाताने काम करताना त्याचं तोंड सारखं चालू असे, आणि तोंडात एकच शब्द, "काहून?" पट्टा इथेच काहून तुटला? कडेचा दोरा काहून उसवला? मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आपला वाटला.

मी महालात उतरले ते नवरात्रात. वर घरात अखंड दिवा तेवत होता. नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही म्हणून मनोहरराव स्वतः उठून उठून तेल घालत. दसऱ्याला माझी पूजा झाली. हळदीकुंकू, झेंडूची माळ, नारळ. कवडू त्या दिवशी कामावर नव्हता. छप्पन्न साली त्याच्या घरच्यांनी धम्मदीक्षा घेतलेली, आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं हे ठरलेलं. गावाकडचे पाहुणे त्याच्याकडे उतरलेले, त्यांना घेऊन तो गेला होता. मनोहररावांना मात्र दम निघेना. मुहूर्ताचा दिवस, मशीन सुरू झालीच पाहिजे. त्यांनी एका वायरमनला बोलावलं आणि माझ्यात वीज सोडली.

दिवा लागला. सगळ्यांनी हात जोडले. मी तापले, पोट भरलं, आणि ठरल्याप्रमाणे दिवा विझला.

मनोहररावांचं तोंड उतरलं. "नऊ दिवस घरातला दिवा जपला," ते म्हणाले, "आन् हिचा दिवा पयल्याच घासाले गेला. हे काही बरं झालं नाही गा."

वायरमनने डबा उघडून पाहिला. "भाऊ, हे आतलं बटन लाईन तोडून राह्यलं. तार टाकून देऊ का बाजूनं? मंग नाही विझणार."

"टाक. चालू कामात दिवा विझलाच नाही पायजे."

आणि थर्मोस्टॅटच्या दोन्ही टोकांना एक तार बांधली गेली. मनोहररावांनी तिच्यावर हळद लावलेला लाल दोरा गुंडाळला आणि डबा बंद केला. त्या तारेने माझा थर्मोस्टॅट मुका झाला. आता बटण दाबल्यापासून बंद करेपर्यंत वीज सुरू आणि दिवाही सुरू. आग्रह करकरून वाढणाऱ्या घरी जेवायला बसलं की जशी गत होते तशी माझी झाली. पोट भरलं तरी पानात पडतच होतं.

दोन दिवसांनी कवडू आला. त्याने अशी प्रेस आयुष्यात कधी पाहिली नव्हती. दिवा सदा लागलेला, म्हणजे तो लागलेलाच असतो, असं त्याला वाटलं तर त्यात नवल काय? बंद डबा मुद्दाम उघडून बघायचं कारणच नव्हतं.

माझ्या खाण्याचा बोभाटा मात्र गल्लीभर झाला. मी सुरू झाले की शेजारपाजारचे बल्ब पिवळे पडत. पलीकडे यमुताईंची पिठाची चक्की होती. माझ्या पायी तिचा पट्टा कण्हायला लागे. यमुताई पिठाच्या हातानेच दारात येत. "काय गा मनोहर, बसली वाटते तुही राक्षसीन जेवाले? लोकायचं दळण अडून राह्यलं." मनोहरराव त्यांनाही चहा पाजत. मला त्या नावाचा राग येई. भिंतीवरच्या मीटरमधली चकती माझ्यापायी गरगरा फिरताना मी बघत असे, आणि मनात म्हणे, बाई गं, वाढणारा थांबत नाही त्याला मी काय करू?

सुरुवातीची वर्षं तरी निभावून गेली. जिनिंगचे पट्टे पातळ. ते लवकर मुरत, मला फार वेळ तापवावं लागत नसे, त्यामुळे जास्त खाल्लेलं जोडात कुणाला दिसलं नाही. मग उमरेडकडच्या एका कोळशाच्या खाणीचं काम मनोहररावांना मिळालं. तिथले पट्टे जाडजूड, थरावर थर. त्यांना मुरायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ मी न थांबता तापत राहिले की रबर मुरून पुढे जळायला लागतं. वरून जोड देखणा दिसतो, आतून बिस्किटासारखा ठिसूळ. कवडूचे जोड खाणीवर तुटू लागले.

त्याने सगळं करून पाहिलं. टोकं पुन्हा पुन्हा घासली, सोल्यूशन बदललं, बोल्ट आवळायची रीत बदलली. दुपारच्या सुट्टीत जेवणाचा डबा तसाच ठेवून तुटलेला जोड हातात घेऊन बसे आणि नखाने रबराचा चुरा काढी. "काहून असं होऊन राह्यलं?" मला सगळं ठाऊक होतं. उत्तर त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, माझ्या डब्यात, लाल दोऱ्यात गुंडाळलेलं होतं. पण मशीनला तापता येतं, सांगता येत नाही. त्या दिवसांत मला फार वाईट वाटे.

त्या खाणीवर मला एक गोष्ट कळली, आणि ती अजूनही माझ्या मनात घोळते. तिथला कोळसा पट्ट्यावरून जातो, तिथून वीजघरात जातो, त्याची वीज होते, आणि ती वीज मी खाते. कशासाठी? तर कोळसा वाहणारा पट्टा जोडण्यासाठी. म्हणजे मी जरा जास्त खाल्लं की कुठेतरी त्या पट्ट्यावर आणखी कोळसा चढत असणार. मग माझा घास नेमका सुरू कुठे होतो? हा हिशेब मला आजवर लागलेला नाही. तुम्हाला लागला तर बघा.

एकदा जोड अर्ध्यावर असताना खाणीची वीजच गेली. त्या काळात वीजकपात फार. माझा दिवा विझला. मनोहररावांनी कपाळावर हात मारला. "झालं. गेला हा जोड." कवडूने बोल्ट सोडले नाहीत. इकडून तिकडून बारदानाची पोती गोळा केली, माझ्यावर पांघरली, आणि मी गार होईपर्यंत शेजारी बसून राहिला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. पट्टा तसाच सुरू केला. उद्या तुटणार हे सगळे धरूनच चालले होते.

तो तुटला नाही. खाणीवर बायजाबाई म्हणून एक म्हातारी होती, फिरत्या पट्ट्यावरून कोळशातले दगड वेचायची. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा ती कवडूला म्हणाली, "तुहा तो जोड रोज माह्या समोरून जाते बा. पोराच्या गालासारखा आहे अजून." कवडू जाऊन बघून आला. दिवसभर त्याच्या तोंडून एकदाही "काहून" निघालं नाही, म्हणजे तो आत खोलवर शोधत होता.

पण त्याला काही सापडायच्या आधीच व्हायचं ते झालं. नंतर घातलेला दुसरा जोड, वीज न जाता, नीट, दिवा लागलेला असताना घातलेला, भर पाळीत फाटला आणि कोळशाचा ढीग खाली आला. कुणाला लागलं नाही हे नशीब. खाणीचे इंजिनीअर तडकले. सगळे मजूर उभे असताना त्यांनी मनोहररावांना विचारलं, "हे काय चाललंय तुमचं?"

मनोहरराव गडबडले. समोर काम जाताना दिसत होतं. "साहेब, खरं सांगू का," ते म्हणाले, "आमच्या कवडूचा हात आताशा पयल्यासारखा राह्यला नाही."

कवडू तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली आणि हातातला पाना पुसत राहिला. चांगला पुसलेला पाना तो पुन्हा पुन्हा पुसत होता. कारागिराला हाताखेरीज दुसरं काय असतं? बाजारात एकदा का "ह्याचा हात गेला" असं झालं, की त्याला पुन्हा कोण उभं करणार? इंजिनीअर म्हणाले, अजून एकच जोड देतो. तो टिकला नाही तर दुसरा ठेकेदार. परतीच्या ट्रकमध्ये मनोहररावांनी कवडूकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कवडूने मला महालातल्या वर्कशॉपमध्ये मांडलं. पट्ट्याचा एक टाकाऊ तुकडा तव्यांत धरला, मला सुरू केलं आणि मीटरसमोर स्टूल टाकून बसला. चकती फिरत होती. तवे कधीच तापले होते, तरी चकती फिरतच होती. तो उठला, तव्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब नाचत नाचत उडाला. तो परत मीटरसमोर बसला. "पोट भरलं तरी खाऊन राह्यली," तो हळूच म्हणाला, "काहून?"

मग त्याने वीज बंद केली आणि माझा डबा उघडला.

लाल दोरा त्याने लगेच ओळखला. त्यावरची हळद काळपट झाली होती. तार कुणी बांधली, कधी बांधली, त्याला विचारायची गरज पडली नाही. मला वाटलं, आता हा तार उपटून खाणीवर घेऊन जाणार आणि चारचौघांत इंजिनीअरच्या टेबलावर ठेवणार. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं. मी जरा तापट आहे.

त्याने वरच्या जिन्याकडे बघून हाक मारली, "भाऊ, जरा खाली येता का?"

मनोहरराव आले. उघडा डबा बघून जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबले.

"हे काढा लागते, भाऊ," कवडू म्हणाला. "रबर जळते याच्यानं. त्या दिवशी लाईन गेली म्हणून तो जोड वाचला."

"दिवा विझते मंग."

"विझू द्या ना."

"नाही गा कवडू." मनोहररावांचा आवाज बारीक झाला. "तू नाही मानत, मले माहीत आहे. पण मले नाही पाहावत. काम अर्ध्यावर आन् दिवा गेला, माह्या छातीत कसंसंच होते. त्या खाणीवर पाहिलं ना तू."

कवडूने दोरा न तोडता गाठ सोडली आणि तो मनोहररावांच्या हातात दिला. तार काढली. मग बसल्या बसल्या तिचाच उपयोग करून त्याने दिव्याचं कनेक्शन वेगळं केलं, थेट मेन लाईनवर. पुन्हा बटण दाबलं. मी तापले, पोट भरलं, थर्मोस्टॅटने वीज तोडली, मीटरची चकती थांबली. दिवा मात्र लागलेलाच.

"घ्या. दिवा तुमच्यासाठी, बटन हिच्यासाठी," कवडू म्हणाला.

इतक्या वर्षांनी मला कुणीतरी पुरे म्हणू दिलं होतं. पलीकडून यमुताई आपण होऊन बघायला आल्या, आज चक्की कशी काय चालून राहिली म्हणून.

खाणीवरचा पुढचा जोड टिकला. इंजिनीअर खूश झाले. त्यांनी मनोहररावांना विचारलं, "आधी नेमकं बिघडलं होतं काय?" कवडू बोल्ट सोडत होता. त्याचे हात थांबले. मनोहररावांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मशीनमध्ये दोष होता साहेब. जास्त वीज खायची, पट्टा जाळायची. कवडूची काही चूक नव्हती."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण खरं सांगते, त्या क्षणी मला बरंच वाटलं. कवडूचं नाव परत मिळालं होतं. इंजिनीअर म्हणाले, "मग ही मशीन माझ्या खाणीवर पुन्हा आणू नका." आणि मनोहररावांनी नवी, हलक्या धातूची प्रेस मागवली.

मला भंगारात घालायचं चाललं होतं. कवडूने मागून घेतलं. तेव्हा त्याच्या मनातही आपलं स्वतःचं काम सुरू करायचं होतं. नंदनवनात घराशेजारी त्याने ही शेड घातली. मनोहररावांनी मला देताना काही घेतलं नाही, आणि ते मला पोचवायलाही आले नाहीत.

ऐंशी साल उजाडलं होतं. कवडूला वाटलं, हात चांगला आहे, मशीन चांगली आहे, कामं येतील. पण मनोहररावांनी खाणीवर सांगितलेली गोष्ट आमच्या आधीच बाजारभर पोचली होती. कारखानदार यायचे, कवडूशी आदराने बोलायचे, आणि मला बघितलं की म्हणायचे, "ही ती पट्टे जाळणारी ना? आमच्या लाईनलाही झेपणार नाही ही." आणि निघून जायचे. माझ्यावर धूळ साचली. कवडूची बायको शामला माझ्या तव्यावर मिरच्या वाळत घालू लागली. तिचा माझ्यावर राग नव्हता. राग होता तो नवऱ्याच्या गप्प बसण्यावर.

"खरं काहून नाही सांगत तुम्ही लोकायले? मशीन चांगली होती, तार त्यायनं बांधली होती म्हणून?"

"भाऊचं नाव आहे वं बाजारात. या वयात कुठं..."

"आन् तुमचं नाव?"

"माह्यं नाव तर त्यायनंच साफ केलं ना."

"हो, आन् जिच्यावर पोट भरायचं तिचं खराब करून केलं." शामलाने मिरच्या उलटल्या. "असं साफ केलेलं नाव घेऊन काय चुलीत घालू?"

गेल्या महिन्यात कवडूने मनोहररावांना निरोप धाडला, की शेड बंद करतो, मशीन भंगारात देतो आणि पुन्हा तुमच्याकडे कामाला येतो. एवढंच. तक्रारीचा एक शब्दही त्यात नव्हता.

आज सकाळी वाडीकडचे एक क्रशरवाले आले. भैयाजी म्हणतात त्यांना. पट्टा तुटून त्यांचं काम ठप्प, आणि नव्या प्रेसवाल्यांना आठवडाभर वेळ नाही. कवडूने मला पुसलं, मांडलं. भैयाजींनी मला ओळखलं आणि मागे सरले. "अरे भाई, ये तो वही है ना, जलानेवाली? नाही नाही कवडू, राहू दे."

तेवढ्यात सायकल-रिक्षातून मनोहरराव उतरले. बरेच थकलेत. काठी टेकत ते आत आले. भैयाजींनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "बरं झालं आलात. तुम्हीच सांगा याला. तुमचीच ना ही मशीन? पट्टे जाळायची ना?"

शामला घराच्या दारात येऊन उभी राहिली. कवडू म्हणाला, "भाऊ, तुम्ही बसा. चहा आणतो."

"चहा राहू दे," मनोहरराव म्हणाले. माझ्या वरच्या तव्यावर त्यांनी हात टेकला. त्यांना आधार हवा होता म्हणून असेल, पण टेकला. "मशीन नाही जाळत भैयाजी. मी जाळत होतो."

भैयाजींना कळेना. मनोहररावांनी त्यांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नवरात्र, वायरमन, दोरा, सगळं. मध्येच त्यांचा आवाज अडखळला तेव्हा कवडू "राहू द्या भाऊ" म्हणाला, पण ते थांबले नाहीत. "साहेबासमोर याच्या हातावर ढकललं. ते नाही टिकलं तं हिच्यावर ढकललं. वजनदार माणूस मी, माह्यं सगळ्यायनं खरं मानलं." मग ते कवडूकडे वळले. "तुहा निरोप आला तवा मी दोन घास नाही जेवू शकलो गा. तू परत नको येऊ. मीच आलो."

शामलाने पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि आत गेली. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

भैयाजींनी दाढी खाजवली. मग बाहेर जाऊन त्यांनी आपल्या माणसांना पट्टा उतरवायला सांगितला.

आत्ता पट्ट्याची टोकं घासून झालीत. एका बाजूचे बोल्ट कवडू आवळतोय, आणि दुसऱ्या बाजूचे, कुणाचं न ऐकता, मनोहरराव. त्यांच्या हाताला जोर राहिलेला नाही. कवडू त्यांच्या मागून फिरून प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळतो, आणि ते दिसत असूनही मनोहरराव न दिसल्यासारखं करतात. माझ्यासारख्या लोखंडाला गहिवर येतो की नाही मला माहीत नाही. पण आता एवढं बोलून घेतलंय, तर हेही सांगते, मला आज फार बरं वाटतंय. बस, बटणाकडे हात गेला मनोहररावांचा. मला आता कामाला लागायला हवं. तुम्ही जरा दूर सरा, आणि शामला चहा घेऊन येतेय, तिला वाट द्या.